पदाच्या वेळी उभं कुठं राहायचं

भाग्यश्री, रडूलालीस काय?
तुझ्या वाट्याला एकही पद नाही आलं,
सगळी त्या वडगावच्या पोरीला गेली म्हणून?
ये की, बस इथं. चहा घे.

नंदगडच्या जत्रेत बावीस वर्षं
मी राजा झालो, प्रियकर झालो, दोनदा ऋषी,
आणि एकदाही गायलो नाही.
गळा माझा खानापूरच्या कौलभट्टीतला,
भाजका, वर टिचका.

पण माझ्यापुढं लोक गायले.
कल्लाप्पा शिंदोळकर दिवसा वखारीत लाकडं मोजायचा,
रात्री शालू नेसून माझी नायिका.
त्याचं एक पद अकरा मिनिटांचं.
त्या अकरा मिनिटांत मी काय करायचं?
तालमीत हे कुणी सांगत नाही.

पहिल्या साली मान डोलवली,
हात छातीशी नेला, डोळे मिटले.
मागून आवाज आला,
"बसू द्या रे त्याला, पायाला मुंग्या आल्यात!"
दुसऱ्या साली शांत उभा राहिलो,
मनात भाताच्या पोत्यांचा हिशेब केला.
तोही दिसला लोकांना.
तिसऱ्या साली
कल्लाप्पानं कोमल निषादावर असा दम धरला
की मी नुसता ऐकत राहिलो
आणि पुढचं वाक्य विसरलो.
प्रॉम्प्टर तीनदा कोकलला.
लोकांना वाटलं, राजा विरघळला.
टाळी पडली. माझी पहिली.

तर लिहून घे.
माईकखाली उभी राहू नकोस,
काचेच्या बांगड्या काढ, तिच्या तानेत वाजतात.
दही खा खुशाल, ताकही पी,
फक्त गाणाऱ्यांसमोर नको.
पद चालू असता पदर सारखा करायचा नाही,
तेवढ्यात तीनशे डोळे तिच्यावरनं उठून
तुझ्या खांद्यावर येतात,
मग ते परत जात नाहीत.
वन्समोअर आला
तर तोंडावर "कळलं की मघाशी" येऊ देऊ नकोस.
दुसऱ्यांदा तेच पद
पहिल्यांदा ऐकायला
मला सात वर्षं लागली.

आईला सांग, पहिल्या रांगेत बसून
तुझ्याआधी ओठ हलवू नको.
शेंगांच्या पुड्या घंटेआधी सोडा म्हणावं.
आणि तुझा तो काका,
आलापात आपला सूर मिसळतो,
त्याला खांबामागं बसवा,
नाहीतर पडद्याच्या दोरीला लावा. कामाला लागेल.

यंदा फलकावर कन्नड वर, मराठी खाली,
अक्षरांची उंची मोजायला साहेब येणार म्हणे.
येऊ दे. खुर्ची द्या त्याला.
माझ्या शेवटच्या साली
विजेच्या खात्यातला एक लाइनमन बसला होता,
गदगकडचा, मराठीचा गंध नाही.
फ्यूज गेली तर असावा म्हणून थांबवलेला.
फ्यूज काही गेली नाही.
नाटक सुटल्यावर
मला शोधत रंगाच्या खोलीत आला,
मी खोबरेल लावून मिशी सोडवत होतो.
"नीवु केळिद्रि," म्हणाला.
तुम्ही ऐकलंत.
कल्लाप्पाकडं बघून नुसती मान हलवली
आणि शिडी खांद्यावर घेऊन गेला.
कल्लाप्पा आठ दिवस बोलला नाही माझ्याशी.

मला तरी अजून नीट कळलेलं नाही, पोरी,
तो काय म्हणाला ते.
पण उद्या ती वडगावची पोरगी
षड्ज लावायच्या आधी घाबरेल.
घाबरतात सगळे, पेटीवालासुद्धा.
तेव्हा ती कुठंतरी बघेल,
आणि समोर तूच असशील.
तिथं अस.

आणि हो, चप्पल आत पिशवीत ठेव.
गेल्या साली नारदाचे नवे बूट गेले,
भरतवाक्याला बिचारा
अनवाणी उभा होता.